चिंचेने घासलेलं पदक

सोफीबाईंच्या वडिलांना, म्हणजे शिपाई पेझारकरांना, पहिल्या महायुद्धात चांदीचं पदक मिळालं होतं. धाकटा भाऊ नाथान मात्र हे मानत नसे. "पप्पा बसऱ्याला खिचडी ढवळत होते. पदक चोरबाजारातलं आहे," असं तो दर सणाला जेवताना म्हणे. शेवटी बापाची अब्रू राखायला सोफीबाईंनी पदकं जमवणाऱ्या अमिरामला ओफाकिमहून इस्रायलमधल्याच रामल्याला, आपल्या घरी बोलावलं.

अमिरामने पदकाच्या कडेवर भिंग फिरवलं. "आंटी, शिपायाचं नाव कडेवर कोरलेलं असतं. हे घासलं कुणी?"

"मीच. दर पेसाहच्या सणाला, भांड्यांबरोबर. चिंच आणि राख लावून," सोफीबाई अभिमानाने म्हणाल्या. मग त्याचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "काहीच उरलं नाही?"

"शेवटची तीन इंग्रजी अक्षरं आहेत. के, ए, आर." त्याने पदक त्यांच्या हातात ठेवलं.

कर. म्हणजे पेझारकर, नाहीतर अष्टमकर, नाहीतर कोकणातल्या गावावरून आडनाव घेतलेला कुणीही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. रामल्यातले कोकणातून आलेले निम्मे शेजारी या पदकावर हक्क सांगू शकले असते.

सोफीबाई आता शेजारी बसलेल्या नाथानच्या टोमण्याची वाट पाहू लागल्या. पण नाथान खाली बघत म्हणाला, "जाऊ दे गं बाय. पप्पांचंच असेल." यापेक्षा टोमणा परवडला असता.

"मीच पुसलं रे त्यांचं नाव," त्या म्हणाल्या.

नाथानने पदक हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं. बोलता बोलता त्या पदराने ती तीन अक्षरं घासत होत्या.