तुझं नाव येऊ दिलं नाही

आखातातल्या बौशर शहरात, एका ब्यूटी पार्लरमध्ये सईचं आणि नाकाटोचं जुळलं होतं, ते फक्त शीलाताईला माहीत होतं. शीलाताई सईच्याच संगमेश्वरची, त्याच पार्लरात कामाला, तिच्याच खोलीत राहणारी, वयाने थोरली. सईने तिला सगळं सांगितलं होतं. नाकाटो युगांडाची, तिथे अशा प्रेमाला जन्मठेप आहे, सख्ख्या भावानेच तिचं नाव पोलिसांत दिलं म्हणून ती इकडे पळून आली, हेही.

त्या सकाळी सई कामावर आली तर नाकाटो नव्हती. मालकीण हिबा मॅडमनी तिचा व्हिसाच रद्द केला होता. पोलिसांची भानगड नको, खलास. संध्याकाळच्या विमानाने परत युगांडाला, कंपालाला.

सई तशीच खोलीवर धावली. शीलाताईची सुट्टी होती, ती मेथी निवडत होती.

"ताई, तू सांगितलंस?"

"मॅडमना संशय आलाच होता गं. मग मी तिचं सांगितलं. तुझं नाव येऊ दिलं नाही. उपकार मान माझे."

"तिथे उतरल्या उतरल्या पकडतील तिला. तुला ठाऊक होतं!"

"तिचं ती बघेल. मला तुझ्या आईला तोंड दाखवायचंय."

या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून आपण हसत हसत नाकाटोबद्दल बोलायचो, हे आठवून सईला शिसारी आली. ती उठली आणि थेट मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"नाकाटो एकटी नव्हती. मीही होते. मलाही काढा, पण तिला कंपालाला धाडू नका. नैरोबीत तिची मैत्रीण आहे, तिथे पाठवा."

मॅडमनी घाईने दार लावलं. "वेडी आहेस? इथेही तुरुंग आहे यासाठी!"

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही."

 मॅडमनी तिकीट बदलायला एजंटला फोन लावला.

नाकाटो नैरोबीला मैत्रिणीकडे पोचली, तसा मेसेज आला. लगोलग सईचंही मुंबईचं तिकीट निघालं. निघताना शीलाताईने खजुराचं खोकं पुढे केलं. "घरी गेलीस की कळेल, तुझ्या भल्याचंच केलं मी."

"तुम्ही ठेवा ते," सई म्हणाली. शीलाताईला ती पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होती.

टॅक्सीत बसल्यावर मात्र तिला रडू कोसळलं. सई तापाने फणफणली असताना उशाशी बसून पेज भरवणारी शीलाताई काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.