तूबा खानुमचा फोन

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले; त्यांच्या चाळिसाव्याला सगळे आमच्या किरमानच्या घरी साडेतीनलाच जमले. चार वाजता माझी धाकटी बहीण परस्तू माल्मोहून फोनवर दिसायला हवी होती. ती बाबांच्या मातीलाही येऊ शकली नव्हती. मामानने, म्हणजे आमच्या आईने, तिला शब्द दिला होता, "चाळिसाव्याला तू या खोलीत असशील."

घरातल्या सगळ्यांचे व्हीपीएन बाबांनीच बसवलेले. शुक्रवारचं जेवण झालं की सगळे फोन त्यांच्यापुढे ओळीने यायचे. सरकारने बाहेरच्या इंटरनेटचा एक रस्ता बुजवला की ते दुसरा शोधत. या आठवड्यात बहुतेक सगळे एकदम बंद पडले, आणि शोधणारं कुणी नव्हतं.

"माझा लावून बघ," फरामर्ज अमू म्हणाले. हे बाबांचे भाऊ. घामाघूम होऊन चालत आले होते; टॅक्सी मागवताना व्हीपीएन बंद करायला विसरले, आणि इथलं ॲप परदेशातल्या माणसाला गाडी पाठवत नाही.

"अमू, तुमचा फोन तुम्हाला फिनलंडमध्ये दाखवतोय."

"मग चांगलंच की! परस्तूच्या जवळ."

पण त्यावर परस्तूचं नुसतं कपाळ आलं आणि तिथेच थिजलं. मामान खजुरांची थाळी उगाचच सरळ करत राहिली.

तेवढ्यात शेजारच्या तूबा खानुम आल्या. एका हातात हलव्याचं ताट, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर त्यांचा टोरोंटोचा मुलगा, स्वच्छ, हसता-बोलता.

"तूबा खानुम, हे कुणी बसवलं?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांनी, अजून कोण? परस्तूच्या घरी एक डबी ठेवलीय म्हणे, तिच्यातून जातं. दोघातिघांनी वापरलं तर कुणाच्या नजरेत येत नाही. गर्दी झाली की पकडतात आणि बंद पाडतात."

"वा! शेजारणीला ताजं आणि सख्ख्या भावाला शिळं!"

"तुम्ही आख्ख्या किरमानला वाटून टाकलं असतं, फरामर्ज आगा," मामान म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात तो जुना चावरेपणा आला होता.

मुलाचा निरोप घेऊन तूबा खानुमनी फोन मला दिला. चारला दोन मिनिटं असताना परस्तू आली. रडून नाक लाल झालेलं, पण हलणारं.

खोलीतला प्रत्येक जण त्या फोनकडे हावरटासारखा बघत होता. आपली वस्तू कुणाच्या नजरेत भरली की ती देऊ करायची आणि समोरच्याने तीनदा नको म्हणायचं, ही रीत तूबा खानुमना पाळणं भाग होतं. "तुमचंच आहे हो. सगळ्यांनी आपापल्या फोनवर उतरवून घ्या."

"छे, छे, खानुम!" सगळे एकसुरात म्हणाले.

"माझी शपथ, घ्या."

"नाही, नाही, तुमची कृपा आहे."

अजून एकदा नको म्हटलं की संपलं असतं. पण अमू म्हणाले, "बरं, तुमचा आग्रहच आहे तर..." आणि त्यांनी आपला फोन काढला.

त्यांच्यामागून सगळ्यांनीच काढले असते. दिलेला शब्द तूबा खानुम कशा मागे घेणार?

"अमू!" माल्मोहून आवाज आला. "डबी माझी आहे. फोन खिशात घाला!"

"मी वेळ बघत होतो."

"मग आता हा धरा," म्हणत मामानने तूबा खानुमचा फोन त्यांच्या दोन्ही हातांत दिला. "उंच. तिला सगळे दिसू देत."

अमूंनी दीड तास धरला. हात भरून आले म्हणाले, तेव्हा परस्तूनेच सांगितलं, "थोडं डावीकडे करा, अमू. मला मामान दिसत नाहीये."