नवव्या दिवसाची पऱ्हाटी

नागपूरचा मे महिना ज्यानं भोगला त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्यानं भोगला नाही त्याला सांगून उपयोग नाही. ते साल अठ्ठ्याहत्तरचं. प्रताप नगरच्या पलीकडे, घरं संपून वावरं लागायची तिथं, सरकारचं एक संशोधन केंद्र होतं. पिकांवरच्या किडींचा अभ्यास चालायचा. केंद्रात एक मोठं जाळीघर, आणि त्या जाळीघरात सिंधूताई नऊ वर्षं रोजंदारीवर राबत होती.

तिचा नवरा वारला तेव्हा लेक जया कडेवर होती. वस्तीतला नत्थू या केंद्रात चौकीदार होता. त्यानं साहेबलोकांच्या विनवण्या करून तिला कामाला लावलं. हे उपकार सिंधूताई विसरली नव्हती. पुढं जे झालं ते विसरल्यामुळं झालं नाही, एवढं आधीच सांगितलेलं बरं.

जूनमध्ये रोजंदारांपैकी दोघांना पक्कं करणार होते, आणि यादीत तिचं नाव होतं. कारकुनानं स्वतः दाखवलं. नऊ वर्षं उन्हात हाडं उगाळल्यावर बाईला दुसरं काय पाहिजे हो? पक्की नोकरी म्हणजे जयाची शाळा, म्हातारपणी पेन्शन, आणि आजारी पडायची मुभा. त्या महिन्यात ती देवळात जाणारी असती तर नवस बोलली असती. पण तिच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच नवसही सोडले होते. म्हणून ती नुसती काम करत राहिली.

केंद्रातल्या डांगरे साहेबांचा प्रयोग चालू होता पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर. वीस कुंड्यांवर अळ्या सोडलेल्या, त्या पानं कुरतडत बसलेल्या. दहा हात दूर दुसऱ्या वीस कुंड्या, कोऱ्या, अळीचा स्पर्श नसलेल्या. पंधरा दिवसांनी कोऱ्या झाडांची पानं बशीत ठेवून त्यांवर नव्या अळ्या सोडायच्या, त्या किती खातात, किती वाढतात ते मोजायचं. साहेबांचा हुकूम एकच होता, दोन रांगांमधलं अंतर कमी करायचं नाही.

आता झालं काय, की कोऱ्या कुंड्यांची रांग आली पश्चिमेच्या अंगाला. दुपारी तीनचं ऊन जाळीतून सरळ त्यांच्यावर. चौथ्या दिवशी पानं माना टाकू लागली. वस्तीतली कोणतीही बाई अशा वेळी काय करते? डालड्याच्या डब्यांत लावलेल्या मिरच्या, सदाफुली, सगळं एकाला एक लावून भिंतीच्या सावलीत सरकवते. दाटीत झाड जगतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सिंधूताईनं तेच केलं. दुपारी साहेब घरी गेले की कोऱ्या कुंड्या उचलायची आणि खाल्लेल्या कुंड्यांच्या बाजूला, सावलीत, पानाला पान जेमतेम लागणार नाही अशा ठेवायची. सकाळी साहेब यायच्या आत परत जागेवर. अळ्या इकडच्या तिकडे जायची भीती नव्हती, कारण प्रत्येक कुंडी पाण्याच्या परातीत उभी होती आणि ती रोज पानं उलटून बघत होती. एकही अळी सरकली नाही. तिला वाटलं, साहेबांचं कामही झालं आणि झाडंही वाचली.

पंधराव्या दिवशी साहेबांनी कोऱ्या झाडांची पानं बशीत ठेवली. अळ्यांनी एक-दोन घास घेतले आणि पान सोडून बशीच्या काठावर जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या सुकून दोऱ्याएवढ्या झाल्या. साहेबांनी पुन्हा पानं लावली, पुन्हा तेच. दिल्लीहून पाहणीला माणसं यायची होती, आणि इथं प्रयोगाचा पार बट्ट्याबोळ.

साहेबांच्या मते याला एकच कारण होतं. कोऱ्या झाडांवर कोणीतरी औषध मारलं. औषधाच्या कपाटाची किल्ली नत्थूकडे. डबा उघडून बघितला तर औषध दोन बोटं कमी. मे महिन्यात, ढिल्या झाकणाच्या डब्यात औषध कमी होणारच, पण ते कोण ऐकून घेतो! नत्थूनं राखण नीट केली नाही, अळ्या कोऱ्या झाडांवर गेल्या, मग घाबरून त्यानं गुपचूप फवारा मारला आणि उरलेलं औषध विकलं, असं सगळं तासाभरात ठरलं. त्याला पेन्शनीला चौदा महिने बाकी होते. संध्याकाळी त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

सिंधूताई त्या वेळी तिथंच कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं मान वर केली नाही.

चार दिवस तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. कुंड्या हलवल्या हे सांगितलं तर यादीतून नाव जाणार, आणि गेलं की पुन्हा येणार नाही. ती मनाला समजावत राहिली की कुंड्या हलवल्यानं काय होतं, औषध तर मी मारलं नाही. पण बाई बोलून चालून शेतकऱ्याची लेक. ज्या झाडांना कोणी शिवलं नाही त्यांची पानं अळीला कडू का लागली, हा विचार तिला भात गिळू देईना. आणि मग एका दुपारी, खाल्लेल्या पऱ्हाटीजवळ उभी असताना, तिला तो वास आला. हिरवा, उग्र, नाकात चढणारा. अळी पान खाते तेव्हा येतो तो. इतकी वर्षं रोज येत होता. तो वास या झाडापाशीच थांबत नसणार, शेजारच्यालाही जात असणार, आणि शेजारचं झाड सावध होऊन बसत असणार. नत्थूला तिच्या दाटीनं बुडवलं होतं.

पाचव्या दिवशी ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

"मीच जवळ ठेवल्या होत्या कुंड्या, साहेब. खाल्लेल्या झाडानं बाजूच्याले सांगतलं असन. म्हणून अळी खाऊन नाही राह्यली."

डांगरे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे विचारलं की नत्थू तुमच्या वस्तीतलाच ना, तुमच्यातलाच? ती हो म्हणाली. साहेबांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात तिला कळलं की तिनं सांगितलेलं खरं आता जातभाईला वाचवायचं खोटं होऊन बसलं आहे.

तिनं हट्ट धरला. मागं न वापरलेल्या कोऱ्या कुंड्या उरल्या आहेत, त्या पुन्हा तशाच जवळ ठेवून बघा. आठ-नऊ दिवस लागतील. साहेब म्हणाले, चौकशीचा रिपोर्ट सोमवारी द्यायचा आहे, दोन दिवस देतो. एवढे तरी दिले म्हणून तिनं कुंड्या मांडल्या. दोन रात्री तिला झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकशीच्या माणसांसमोर, नत्थूसमोर, साहेबांनी पान बशीत ठेवलं. अळ्यांनी दुपारपर्यंत ते शिरांपर्यंत फस्त केलं. कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. सोमवारी रिपोर्ट गेला आणि बुधवारी नत्थूची नोकरी गेली, पेन्शनसकट.

त्या कुंड्या फेक असं तिला कोणी सांगितलं नाही. ती त्या तशाच जवळ ठेवून पाणी घालत राहिली. त्याच आठवड्यात तिला पक्की केल्याचा कागद आला. कारकुनानं पेढे मागितले, आणि तिनं आणून दिलेही.

कुंड्या मांडल्याच्या नवव्या दिवशी तिनं स्वतःच पान तोडून बशीत ठेवलं. अळ्यांनी तोंड लावलं आणि सोडलं. दुसरं पान, तिसरं पान, अशा पाच बशा. संध्याकाळपर्यंत पाचही बशांमध्ये पानं जशीच्या तशी. तिनं बशा पदराखाली झाकून साहेबांच्या खोलीत नेल्या.

साहेब बराच वेळ बघत राहिले. भिंग आणलं, पान उलटून पाहिलं, नाकाशी नेलं. त्यांना पटलं होतं, यात तिला शंका उरली नाही. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"सिंधूबाई, रिपोर्टावर माझी सही आहे," ते म्हणाले. "आता हे वर कळवायचं तर हुकूम मोडून तुम्ही कुंड्या हलवल्या हेही लिहावं लागेल. आठवडा नाही झाला तुम्हाला पक्कं होऊन. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

बशीतली एक अळी काठावरून खाली पडली. साहेबांनी तिला कागदानं उचलून पुन्हा आत ठेवलं.

सिंधूताईनं बशा उचलून पुन्हा पदराखाली घेतल्या. त्यांना तेवढं उत्तर पुरलं. झाडं जाळून टाका म्हणाले, रोग असू शकतो. तिनं एकेक झाड उपटलं, मागच्या खड्ड्यात टाकलं, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. ओली पऱ्हाटी लवकर पेट घेत नाही. तिला तिथं तासभर उभं राहावं लागलं.

घरी जाताना वाटेत नत्थूचं घर. दारात वळकट्या बांधून ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं नवरा-बायको भिवापूरला लेकीकडे निघणार होते, मिरच्यांचे देठ खुडायच्या कामाला. या वयात. नत्थू ओसरीवर बसला होता. नवव्या दिवसाचा हिशेब त्यानंही मनात ठेवला होता, हे तिला त्याच्या डोळ्यांवरून दिसलं.

"काय झालं वं?" त्यानं विचारलं. "अळीनं खाल्लं का?"

तिच्या अंगाला अजून धुराचा वास येत होता.

"खाल्लं गा," सिंधूताई म्हणाली. "देठासकट."

नत्थूनं मान हलवली. मग म्हणाला, "मले वाटलंच. पण माह्यासाठी तू साहेबाच्या तोंडावर एवढं खोटं बोलली, आपली नोकरी पणाले लावून. तेवढं सख्खी बहीण नाही करत, सिंधू."

त्यानं आत बायकोला, भीमाबाईला, हाक मारून बांधलेल्या भांड्यांतून पातेलं काढून सिंधूसाठी चहा ठेवायला सांगितलं. भीमाबाईनं चहा केला. सिंधूताई ओसरीवर बसली आणि तिनं तो चहा प्यायला.