दोन मोसमांचा क्लब

आमच्या शहराचा नवा फुटबॉल क्लब खालच्या लीगमध्ये खेळू लागला, तेव्हा माझा नवरा त्याचा गोलकीपर झाला. माझ्या वडिलांच्या मते हा पोरखेळ होता. “जावईबापू, चेंडू अडवायचा पगार मिळतो होय?” असं ते विचारायचे.

पहिल्या सामन्याला ते नुसती खोड काढायला आले. संघ चार गोलांनी हरला, पण ह्यांनी एक पेनल्टी अडवली आणि बाबा बाकावर उभे राहून ओरडले. नंतर त्यांनी घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही.

दुसऱ्या मोसमात प्रेक्षक रोडावले. शेवटच्या सामन्याआधी मालकाने खेळाडूंच्या खोलीत येऊन सांगितलं, की आजच्या सामन्यानंतर क्लब बंद. तरी सगळे जीव तोडून खेळले आणि बरोबरी साधली.

सामन्यानंतर हे मान खाली घालून कठड्यापाशी आले. “संपलं, बाबा.”

बाबांनी त्यांच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला. “असू दे. हरलो तर नाही ना आपण?”

महिन्याभरात ह्यांना शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली. बाबांना मात्र कितीतरी रविवार घरात करमेना.