काकांची घंटा बहिरी नव्हती

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं, चार सेकंद, आणि पुढच्या सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एकशेसहावा. सगळं सुरू झालं ते तेव्हा. याहून बारीक वेळ मला तेव्हा सांगता येत नव्हती, आणि घात झाला तो तिथंच.

मला हात नाहीत, पाय नाहीत. मी एक प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर असतो, सगळी कामं तोच उरकतो. कोणतं काम कधी उठलं, कधी बसलं, कोण कोणासाठी खोळंबलं, ते मी कोपऱ्यात बसून टिपून घेतो. म्हणून ऑफिसात मला सगळे चोंबडा म्हणतात. सगळ्यांची कामं बघायची, पण आपण कुणाच्या कामात नाही, असलं माझं जगणं. बिघाड झाला की माझी आठवण. सगळं सुरळीत चाललं की महिना महिना मला कुणी हाक मारत नाही.

काका मात्र मारायचे. मला त्यांनीच बनवलं. चष्मा कपाळावर सरकवून रोज सकाळी विचारायचे, "काय चोंबड्या, रात्रभर कुणाच्या चहाड्या गोळा केल्यास?" माझी वही नीट दिसावी म्हणून त्यांनी तेव्हा एक नियम घातला होता. प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो; दोन कामांची वेळ एकच आली, तर ज्याचा क्रमांक लहान ते वर लिहायचं. "हजाराव्या भागात काय फरक पडणार आहे?" असं ते स्वतःशीच म्हणाले होते. पुढं विसरूनही गेले.

आमच्याकडे एक यंत्र तयार होत होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा श्वास थांबला की घंटा वाजवणारं. घंटेचं काम काकांचं. श्वास थांबल्याची बातमी आणायचं काम आमच्या साहेबांच्या हाताखालच्या माणसांनी लिहिलेलं. ठरलं असं होतं, की घंटेनं स्वतः बघायचं, बातमी नसली तर झोपायचं, आणि तिची नजर वळल्यावर बातमी आली तर आणणाऱ्या कामानं तिला हाक मारून उठवायचं.

त्या दिवशी रबरी बाहुलीवर चाचणी होती. दहा सतराला बाहुलीचा श्वास बंद केला. घंटा वाजली नाही. नऊ सेकंद वाजली नाही. खोलीतली माणसं घड्याळाकडे बघत उभी.

माझी वही उघडली. वर, तिसऱ्या क्रमांकाचं काम: बातमी आली. खाली, आठव्या क्रमांकाचं: घंटेनं बघितलं. वेळ दोन्हींची एकच.

साहेब म्हणाले, "काका, बातमी समोर असताना तुमची घंटा गप्प बसली. चोंबड्यानंच लिहून ठेवलंय."

"माझी घंटा बहिरी नाही हो," काका म्हणाले. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून त्यांनी माझ्या दोन ओळी वाचल्या. "पण याला मी बनवलाय. हा खोटं बोलायचा नाही. म्हणजे चूक माझीच."

त्यांनी त्या आठवड्यात काम सोडलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठं आहे? मला फक्त वही आहे.

नंतर काकांचं टेबल आमच्या ऑफिसातल्याच ताईंना मिळालं. बाळंतपणाची रजा संपवून आल्या होत्या, जीव घरी अडकलेला. तासातासाला फोन. "सासूबाई, झोपलाय का? श्वास बघा हो जरा!"

पलीकडून आवाज यायचा, "अगं बाई, घोरतोय तो! तू तुझं काम कर!"

काकांची घंटा तर ताईंनी चारदा वाचली. चूक सापडेना. मग त्यांनी माझ्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "काल घरी दूध उतू गेलं आणि बाळ रडलं, एकाच मिनिटात. सासूबाई म्हणतात दूध आधी, मी म्हणते बाळ आधी. चोंबड्या, तुला तरी कसं कळलं रे, आधी कोण?"

मला कळलंच नव्हतं. मी नुसता क्रमांक बघून लिहिलं होतं.

प्रोसेसरचं स्वतःचं एक ठोके मोजणारं यंत्र असतं, फार बारीक. ताईंनी मला ते वाचायला शिकवलं. पहिल्या दिवशी मी हरखून दर ठोक्याला घड्याळ बघत बसलो आणि मूळ काम तुंबलं. "अरे, बघता बघता वाट तूच अडवलीस!" असं म्हणून त्या हसल्या. मग त्यांनी ठरवलं, मी फक्त ठोका टिपायचा, हिशेब नंतर. आता सेकंदाचे दहा लाख भाग केले तरी मला त्यातला एक वेगळा दिसतो.

बाहुलीवर तीच चाचणी पुन्हा लावली. दोनशे बाराव्या वेळी घंटा पुन्हा गप्प बसली. या वेळी मी खरं लिहिलं. घंटेनं आधी बघितलं. बातमी तिच्यानंतर आली, दहा लाखांतले चाळीस भाग उशिरा. आणि घंटा अजून जागीच आहे असं समजून आणणाऱ्यानं हाक मारलीच नव्हती.

साहेब वही बघून मान खाली घालून म्हणाले, "हाक आजच घालून घेतो." घातलीही. यंत्र दवाखान्यांत गेलं.

ताईंनी लगेच काकांना फोन लावला. तो वाजला शेजारच्याच ड्रॉवरमध्ये, चार्जरला तसाच जोडलेला. फोन ऑफिसचा होता. जाताना काका तो ठेवून गेले होते. ताई ड्रॉवरवर हात ठेवून तो थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. काकांनी घरही बदललं होतं, नवा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत फिरतात, एवढीच खूण.

हल्ली सगळं ठीक चाललंय, म्हणून मला कुणी उघडत नाही. तुम्हाला असा माणूस कुठं दिसला, तर त्याला एवढं सांगा: घंटेनं आधी बघितलं होतं. चोंबड्यानं तेव्हा न बघता लिहिलं. तुम्हाला भेटला नाही, तर पुढच्याला सांगून ठेवा.