कार्डावरचं सहावं नाव

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पुरवठा निरीक्षकाने दौंडच्या रेल्वे चाळीमागच्या रेशन दुकानाच्या फळीवर एक कागद चिकटवला. तारीख होती ९ फेब्रुवारी १९७३. रांगेत त्या वेळी चाळीसेक बायका होत्या. बहुतेकींना वाचता येत नव्हतं म्हणून दुकानदार कासमभाईंनी कागद मोठ्याने वाचला. सोमवारी दुपारी बारापर्यंत कार्डावरचं प्रत्येक माणूस दुकानात समक्ष हजर करायचं. जो हजर नसेल त्याचं नाव कमी होईल. एक जरी नाव खोटं निघालं तरी अख्खं कार्ड रद्द होईल.

"म्हंजी बैलाच्या बाजारावानी माणसं दाखवायची व्हय?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"दात नाय बघत भाभी, फक्त डोकी मोजणार," कासमभाई म्हणाले.

बायका हसल्या. सातव्या नंबरावर उभी असलेली ताईबाई हसली नाही. तिच्या कार्डावर सहा नावं होती आणि घरात पाच माणसं. सहावं नाव तिच्या सासूचं, भागुबाईचं. भागुबाई दिवाळीपासून नदीपल्याड वडगाव रासाईला धाकट्या मुलाकडे होती.

ताईबाईचा नवरा साहेबराव रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, होता. पगार बेताचा, मुलं तीन, आणि बाजारात ज्वारी दिसेनाशी झालेली. तरीही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चाळीतल्या ज्या एकाच घरातून पीठ उसनं मिळे ते ताईबाईचं होतं. कार्डावरच्या साखरेचा एक दाणाही तिच्या घरात येत नसे. साखर दुकानातून परस्पर स्टेशनसमोरच्या हॉटेलात जायची, तिथे खुल्या बाजाराचा भाव मिळायचा आणि त्यात महिन्याचं गोडेतेल बसायचं. घरात चहा गुळाचा. ज्यांच्या घशाखाली अमेरिकेचा तांबडा, ज्वारीसारखा मिलो उतरत नव्हता त्यांच्याकडून ती मापाला दोन मापं मिलो घ्यायची आणि आपला गहू द्यायची. तेल ती कढईत ओतत नसे. तेलात भिजवलेली चिंधी वाटीत ठेवलेली असे, ती तव्यावर फिरवायची.

चहाच्या एका कंपनीने पुड्यात कुपनं घातली होती. वीस कुपनांवर स्टीलची वाटी, चाळीसवर पेला. ताईबाई चहा सुटा, भुकटीचा आणायची, पण साहेबलोकांच्या चार बंगल्यांतले रिकामे पुडे तिच्याकडे येत. त्या बदल्यात ती त्या चार घरांचे तांदूळ निवडून द्यायची. अशा अकरा वाट्या आणि दोन पेले झाले होते. ते थोरल्या मुलीच्या लग्नासाठी पत्र्याच्या पेटीत ठेवलेले. मुलगी आठ वर्षांची होती.

चाळीतल्या नव्या सुना तिला विचारायला येत, महिना कसा बसवायचा. ती सांगायची, "आदी माणसं मोजायची. डबं मागनं."

दिवाळीनंतर तिने माणसं मोजली. कार्डावर मोठ्या माणसाला एक युनिट, बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं. तिची तिन्ही मुलं कार्डावर अर्धी होती आणि जेवायला पूर्ण. तिघांचं मिळून दीड युनिट कमी पडत होतं. घरात फक्त एक युनिट असं होतं जे मुलांकडे वळवता आलं असतं. त्यासाठी त्या युनिटच्या माणसाने दुसरीकडे जेवायला हवं होतं.

"चार दिस खंडूभावजींकडं जावा," ती सासूला म्हणाली. "हवापालट व्हईल."

त्याला तीन महिने झाले. वडगावला खंडू आणि त्याची बायको रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. म्हातारी त्यांची दोन पोरं सांभाळायची आणि त्यांच्या ताटातलं खायची. तिचं नाव वडगावच्या कार्डावर चढवायचं तर दौंडच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला लागत होता. खंडूने तो दोनदा मागितला. दोन्ही वेळा ताईबाईने निरोप दिला, पुढच्या महिन्यात.

शुक्रवारी दुपारी साहेबराव शेडमधून जेवायला आला तेव्हा तिने कागदाचं सांगितलं.

"रईवारी तुमची सुट्टी हाय. जावा आन् आत्याबाईंना घिऊन या."

"आन् मग?"

"मग काय? सोमवारी सायबाला दाखवू."

"आन् मंगळवारी?"

ताईबाईने त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.

रविवारी साहेबराव शटलने केडगावला उतरला आणि तिथून चालत नदीवर आला. भीमेच्या पात्रात पाणी नव्हतं. बायका वाळूत झिरे खणून वाट्यांनी पाणी भरत होत्या. पात्र ओलांडून तो वडगावात पोचला तेव्हा खंडू ओट्यावर बसून हाताला पडलेले घट्टे सुईने सोलत होता.

"आईला न्यायला आलोय," साहेबराव म्हणाला.

भागुबाई आत होती. तिने ऐकलं आणि काही न विचारता गाठोडं बांधायला घेतलं.

"न्हे की," खंडू म्हणाला. "पर दादा, एक ऐक. तिचं धान्य तुमी उचलताय आन् भाकर माजी पोरं देत्यात. आता न्हेलीस ती न्हेलीस. परत आणलीस तर दाखल्यासंगट आण. न्हाईतर ह्या दारात उभी करू नगंस."

"आई हाय ती, खंडू."

"माजी एकट्याची हाय व्हय?"

भागुबाई दारात येऊन उभी होती. तिने दोघांचंही ऐकलं. नातवंडांच्या गालावरून हात फिरवला आणि ती पायऱ्या उतरली. पात्रातली वाळू तापलेली होती. साहेबरावाने गाठोडं मागितलं तर तिने दिलं नाही.

"ताईबाईनं बोलावलं म्हनतोस?" तिने विचारलं.

"व्हय."

"आपनहून?"

"व्हय, आये."

"मला ठावं व्हतं," भागुबाई म्हणाली. "त्वांडानं तिखाट हाय, पर मनानं तशी न्हाई." मग केडगाव येईपर्यंत ती बोलतच होती. धाकटी नात आता वेणी घालू देते का, चाळीच्या नळाला पाणी किती वेळ येतं, शेजारणीची म्हैस जगली का. साहेबराव हो-नाही करत चालला. कागदाचं त्याने सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला ताईबाई सासूला आणि मुलांना घेऊन दुकानात आली. साहेबराव दुकान उघडताच येऊन हजेरी देऊन कामावर गेला होता. निरीक्षक तरुण होता. खुर्चीवर बसून तो नावं वाचायचा, माणूस बघायचा आणि खूण करायचा. रांगेत माणसंच माणसं होती. कोणी पाळण्यातली मुलं आणली होती, एकाने आजारी बापाला हातगाडीवर घालून आणलं होतं.

"भागुबाई मल्हारी, वय पासष्ट."

भागुबाईला कळलं नाही. असं पुरं नाव घेऊन तिला कोणी हाक मारून कितीतरी वर्षं झाली होती. ताईबाईने तिला कोपराने पुढे केलं.

"हाय की," ती म्हणाली. "म्या हाय."

"आजी, राहता कुठं?"

कासमभाई तराजूची साखळी सरळ करू लागले. गेले तीन महिने त्यांनी म्हातारीला चाळीत पाहिलं नव्हतं आणि ते तसं बोललेही नव्हते.

भागुबाईने फळीवरचा कागद पाहिला. तो तिला वाचता येत नव्हता. मग मागची रांग पाहिली, हातगाडीवरचा म्हातारा पाहिला, आणि सुनेच्या हातातलं कार्ड पाहिलं. ते सुनेने इतकं घट्ट धरलं होतं की त्याचा कोपरा दुमडला होता.

"हितंच," ती म्हणाली. "लेकाच्या घरी. म्या म्हातारी कुठं जानार, सायेब?"

निरीक्षकाने खूण केली. सहा नावं कायम झाली.

सगळी घरी आली. ताईबाईने त्या दिवशी मिलोची भाकरी केली नाही. गव्हाच्या पोळ्या केल्या आणि सासूच्या ताटात दोन वाढल्या. भागुबाईने एक खाल्ली. दुसरी नातीच्या ताटात ठेवली.

"म्या गाठुडं सोडू का नगं?" तिने विचारलं.

"चार वीसची शटल हाय," ताईबाई म्हणाली. "उजेडात पोचाल."

साहेबरावाची पाळी पाचला सुटणार होती. ताईबाईच तिला स्टेशनवर घेऊन गेली. केडगावचं तिकीट काढून तिने ते सासूच्या पदराच्या टोकाला बांधलं. फलाटावर इंजिनात भरायच्या पाण्याचा पाइप गळत होता आणि त्याच्याखाली तीन बायका घागरी लावून भांडत होत्या. भागुबाई थोडा वेळ ते भांडण बघत राहिली.

"दाखला दे ताईबाई," ती म्हणाली. "माजं नाव काढून दे. खंडू घरात घ्यायचा न्हाई मला. माज्या म्होरं म्हनलाय."

"पुढल्या महिन्यात, आत्याबाई. ह्या महिन्याची साखर हाटेलवाल्याला कबूल केलीया. तेल आनून झालंय त्याच्यावर."

"तोवर म्या काय करू?"

"रागात बोलल्यालं असत्यात ते. पोटचं पोरगं हाय. दारातनं हाकलतंय व्हय?"

"पोटची दोन हायत मला," भागुबाई म्हणाली.

गाडी लागली. ताईबाईने तिला हात देऊन वर चढवलं, खिडकीजवळ जागा करून दिली आणि फडक्यात बांधलेली भाकरी दिली. गाडी हलेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती.

गुरुवारी, १५ तारखेला खंडू दौंडला आला. तो दारातच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही.

"दाखला घ्यायला आलोय," तो म्हणाला. "कामावर मुकादम म्हनला, आता मोजणी झाली, नाव पटकन चढंल. द्या दाखला, आईला घिऊन जातो."

साहेबराव अंघोळीला बसला होता. तो तसाच ओला उठून आला.

"आई तर सोमवारीच गेली," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुज्याकडं."

"माज्याकडं कवा आली?"

दोघा भावांनी आत चुलीपाशी बसलेल्या ताईबाईकडे पाहिलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपल्याचा वास आल्यावर धाकटी मुलगी रडू लागली, कारण ती भाकरी तिची होती.

शुक्रवारी साहेबरावाने रजा टाकली. दोघं भाऊ केडगावला गेले. स्टेशनबाहेर शेंगा विकणाऱ्या बाईने गाठोडंवाली म्हातारी सोमवारी उतरलेली पाहिली होती. ती नदीच्या रस्त्याला लागली होती. नदीवर झिऱ्यावरच्या बायकांनीही तिला पाहिलं होतं. दौंडकडच्या काठावर, वाळू सुरू होते तिथे, ती बसून होती. एकीने तिला पाणी दिलं.

"म्या इचारलं, आजी कुठं जायचं?" ती बाई सांगत होती. "तर म्हनली, अजून ठरलं न्हाई. म्या म्हनलं, अवं पलीकडं जायचं का अलीकडं, येवडं तरी सांगा. तर हसली. दिस बुडाला तवा आमी घागरी घिऊन गेलो. ती तिथंच व्हती."

"आन् सकाळी?"

"सकाळी न्हवती. आमाला वाटलं, गेली आसंल घरी."

दोघांनी काठाकाठाने दोन्ही बाजूंना चालून पाहिलं. वाळूत पावलं पुष्कळ होती. मग खंडू वडगावच्या बाजूला परतला, साहेबराव दौंडच्या.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबराव घरी आला आणि शर्ट बदलू लागला.

"कुठं निघाला?" ताईबाईने विचारलं.

"चौकीवर. रिपोट द्यायला."

"काय सांगनार? कुठनं हरवली?"

तो थांबला.

"सायबाम्होरं उभी केलीया तिला चार दिसांखाली. हितं ऱ्हाती म्हनून ती सवता बोलली. आता तुमी म्हननार, वडगावला जाताना हरवली. का जात व्हती, कवापासनं तिथं हाय, समदं इचारत्याल. येक नाव जाऊ दे. समदं कार्ड जाईल. पोरांनी काय खायाचं?"

"आई हाय ती माजी."

"म्या न्हाई म्हनती का?" ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच खाली आला. "धान्याची गाडी उद्या येनार हाय. येवडं धान्य उचलू द्या. मग जावा. म्या सवता येते संगट."

साहेबरावाने शर्टाचं एक बटण लावलं, एक तसंच ठेवलं. मग तो खाटेवर बसला.

शनिवारी गाडी उशिरा आली. दुकान साडेअकराला उघडलं. ताईबाईचा नंबर बारावा होता. कासमभाईंनी कार्ड घेतलं, नावांवरून बोट फिरवलं आणि सहाव्या नावावर थांबले.

"आजी कशी हाय?"

"बरी हाय," ताईबाई म्हणाली.

कासमभाईंनी तिच्याकडे पाहिलं. रांग मोठी होती, मागून ढकलाढकली चालली होती. त्यांनी तराजूत माप टाकलं. गहू, मिलो, मग साखर. ताईबाईने गहू आणि मिलो मधे गाठ मारून एका पोत्यात घेतला, साखर वेगळ्या पिशवीत. पिशवीचं तोंड बांधताना गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. पोतं डोक्यावर घेऊन ती आधी घरी न जाता स्टेशनसमोरच्या हॉटेलाकडे वळली.

साहेबराव दुसऱ्या पाळीला शेडमध्ये गेला. वडगावला खंडू कामावर हजर होता; दोन दिवसांची मजुरी आधीच बुडाली होती.

रविवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळी सहापर्यंत दौंडच्या चौकीत आणि वडगाव ज्या हद्दीत येतं त्या शिरूरच्या चौकीत भागुबाई मल्हारी, वय पासष्ट, हरवल्याची नोंद करायला कोणीही आलेलं नव्हतं.