येसेनियाने गादी सोडली

मित्रांनो, निळं रेक्झिन, पोटभर स्पंज आणि कोपऱ्यांना चिकटपट्टी, एवढीच माझी ओळख. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहराच्या एका जुन्या गोदामात हवेत गिरक्या घेऊन लाथा मारणाऱ्या मुलांचा अड्डा आहे. तिथली मी पडायची गादी. नवी होते तेव्हा डार्नेल कोच ओरडायचे, "बूट काढा रे, गादी आहे ती!" आता मुलं माझ्यावर बसून बरिटो खातात आणि हिरव्या मिरचीचे हात मलाच पुसतात.

त्याचं मला काही नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता तो येसेनियापायी. ही सोळा वर्षांची पोर उडती, फिरती लाथ शिकत होती. उडी घ्यायची, हवेत दीड गिरकी मारायची, लाथ झाडायची आणि ज्या पायाने लाथ मारली त्याच पायावर उतरायचं. ती उडायची छान, पण उतरताना पाठ मागे टाकायची आणि धप्पकन माझ्या कुशीत यायची. मी अलगद झेलायचे. वाटायचं, केवढं पुण्य पदरी पडतंय!

"येसी, तू लाथ मारायला उडत नाहीस गं, पडायला उडतेस," एकदा कोच म्हणाले. "जत्रेत कसरती दाखवणाऱ्या आपल्या पथकात यायचंय ना? मग साध्या जमिनीवर त्या एका पायावर उभी राहून दाखव. ईस्टरच्या आत."

ईस्टरआधीचे उपवास सुरू झाले त्या बुधवारी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली आणि मला उचलून भिंतीशी उभं केलं.

"हे काय नवीन?" तिचा मित्र एमिलियो म्हणाला.

"उपवासाचा नेम. ईस्टरपर्यंत गादी सोडली."

"अगं, लोक चॉकलेट सोडतात!"

"चॉकलेट मला झेलत नाही."

तेव्हापासून माझ्या पोटातला स्पंज नुसता तडफडत होता. ती तिकडे आपटायची, मी इकडे भिंतीशी चुळबुळायचे. तिच्या कमरेवर जांभळे डाग उठले, पण हळूहळू पाठ सरळ राहू लागली.

मग एका रविवारी एमिलियो म्हणाला, "आज अंथर की गादी! रविवार उपवासात धरत नाहीत, माझी आजी सांगते."

येसेनिया घुटमळली. मग तिने मला खाली पाडलं. मी आनंदाने फुगले! पहिल्याच उडीला तिची पाठ मागे गेली. पुढच्याही. सोमवारी जमिनीवर तीच पाठ पुन्हा गेली आणि ती कोपरावर आदळली.

कोच बर्फ घेऊन धावले. "परत मागे पडायला कुणी शिकवलं तुला?"

तिने कोपरावर बर्फ दाबला. आणि माझ्याकडे बघितलं. देवा, ती नजर! मी झेलत होते म्हणूनच ती पडत होती.

मग तिने रविवारीही गादी सोडली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे गोल करून बसले आणि तळव्यांनी जमीन बडवू लागले. येसेनिया उडाली, उतरली, डगमगली.

"दुसरा पाय टेकला!" कोच म्हणाले.

"टेकला कुठे? नुसती विचारपूस करून गेला!" एमिलियो म्हणाला. सगळे हसले, ती नाही हसली. तिने क्रूसाची खूण केली आणि पुन्हा उडाली. मला वाटलं, घसरावं आणि तिच्याखाली जावं. पण मी भिंतीला घट्ट चिकटून राहिले.

उजवा पाय टेकला. टाच डुगडुगली, हात गरगरले, पण पाठ गेली नाही.

"थांब... थांब... घेतलं तुला पथकात!" कोच ओरडले. "आता तो दुसरा पाय टेक गं बाई, बगळ्यासारखी किती वेळ उभी राहशील?"

मित्रांनो, शिवण उसवली तर मला शिवा. नव्याने उडणाऱ्यांसाठी मला खुशाल अंथरा. पहिलंवहिलं पडणं मऊच असावं. पण पाय ठरू लागला की मला उचलून भिंतीशी लावा. मी तिथे चुळबुळत राहीन. माझी चुळबुळ ऐकून परत मात्र येऊ नका.